धाकट्या पातीचं उट्टं

३ मार्च १९३४, शनिवार. संध्याकाळ.

ऑल्डमिअर कोर्टवरून आत्ता परत आलो. अक्षर वाकडंतिकडं येतंय. थंडीनं नव्हे, संतापानं. (थोडं थंडीनंही. परत सोडायला गाडी दिली नाही.)

झालं ते असं. लॉर्ड ऑल्डमिअर, म्हणजे माझा चुलतभाऊ एव्हरार्ड डेव्हरिंग, याच्या साठीचा चहा होता. त्याच्या जेवणाच्या दालनात भिंतभर आमच्या घराण्याचा वंशवृक्ष रंगवलेला आहे. बुंध्याशी नॉर्मंडीहून राजाबरोबर आलेला सर ओडो. वर फांद्याफांद्यांवर मंत्री, आरमारमंत्री आणि पार्लमेंटचे सभासद. यंदा एव्हरार्डनं लंडनचा चित्रकार आणून सगळं झाड नव्यानं रंगवून घेतलं. मी चहाचा कप हातात घेऊन आमची फांदी बघायला गेलो. तिसरे लॉर्ड हे आमचे दोघांचे पणजोबा. त्यांच्या थोरल्या मुलाची पाती एव्हरार्डची, धाकट्याची आमची. उजव्या अंगाला, खिडकीच्या वर. आजोबा, वडील, हेस्टर, मी.

फांदी नाही. तिथं घुबड.

चांगलं गलेलठ्ठ, पिवळ्या डोळ्यांचं.

एव्हरार्डला विचारलं. म्हणाला, चित्रकाराचं म्हणणं पडलं की उजवी बाजू फार गिचमिड दिसते. त्याची आई लेडी सिबिला ऐंशीच्या पुढं आहेत, पण नजर अजून सुईत दोरा ओवणारी. त्यांनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली : हे घड्याळांना किल्ली द्यायला येतात. मी नम्रपणे दुरुस्ती केली. त्यांनी विचारलं, मग आमच्या घड्याळांना किल्ली कोण देतं?

सगळे हसले. पाद्रीसुद्धा.

सूड घेणार. दुसरा शब्द सुचत नाही, आणि शब्दांवर तर मी आयुष्य काढलं.

४ मार्च, रविवार.

चर्चमध्ये शत्रूला क्षमा करण्यावर प्रवचन. पाद्री एव्हरार्डच्या पदरचा आहे, हे लक्षात घेऊन ऐकलं नाही.

निश्चय केला. डेव्हरिंग घराण्याची खरी वंशावळ लिहून काढायची. थोरल्या पातीत कुठं ना कुठं कीड असणारच. ती शोधून भर चौकात मांडायची. चाळीस वर्षं मार्कबरीच्या शाळेत लॅटिन शिकवलं. ज्याला शब्दाचं मूळ काढता येतं त्याला माणसाचं मूळ काढणं काय जड आहे?

हेस्टरला बेत सांगितला. ही माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून माझं घर सांभाळते आणि माझ्या प्रत्येक कामात खोट काढते. म्हणाली, नदीचं मूळ आणि लॉर्डचं कूळ विचारू नये, हाती चिखल येतो. आणि तुला उकरायचंच असेल तर परसात बटाट्याचा वाफा पडलाय.

बायकांना इतिहासाची दृष्टी नसते.

११ मार्च.

आठवडाभर काम. पाय सुजले. निष्पन्न फारसं चांगलं नाही.

पहिल्या लॉर्डनं एकाच संध्याकाळी दोन्ही पक्षांना आपलं मत विकलं. मला वाटलं, सापडला चोर. पण डाकघरात ही गोष्ट सांगितली तर डाकबाबू म्हणाला, लॉर्डसाहेब दर नाताळला हीच गोष्ट सांगून पाहुण्यांना हसवतात. दुसऱ्या लॉर्डनं सगळं आरमार चुकीच्या बंदराकडं धाडलं. त्या बंदराला आज त्याचं नाव आहे. तिसऱ्या लॉर्डच्या भावानं, म्हणजे आमच्या चुलतपणजोबांनी, द्वंद्वात माणूस मारला. त्यांचं पिस्तूल काचेच्या पेटीत ठेवलंय.

या लोकांना मोठ्या पापांची लाज नाही. मोठं पाप म्हणजे त्यांच्याकडं दागिना. काहीतरी लहान हवं. क्षुद्र. वास येणारं.

१५ मार्च.

बातमी. एव्हरार्डचा भाऊ लायनेल काल गेला. पार्लमेंटच्या सभागृहातच, दुसऱ्याचं भाषण ऐकताना. संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नाही. नेहमीसारखा झोपलाय अशीच समजूत होती.

म्हणजे मार्कबरीची जागा रिकामी. ही जागा अ‍ॅन राणीच्या काळापासून डेव्हरिंगांकडं आहे. मत देणारे बदलतात, नाव बदलत नाही. आता एव्हरार्डचा मुलगा पेरेग्रिन उभा राहणार. चोवीस वर्षांचा. हनुवटी नाही. तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखा बोलतो.

थोरल्या पातीची दोनशे वर्षांवरची गादी, आणि तिच्यावर हे पोर. देवानं मान माझ्यासमोर आणून ठेवली आहे. आता सुरी तेवढी हवी.

लायनेलबद्दल वाईट वाटलं. तसं त्यानं मला ओळखलं नव्हतं कधी.

२४ मार्च.

पेरेग्रिननं बाजारात फिरून हात मिळवले. एका बाईनं विचारलं, पावाची लादी केवढ्याला मिळते ते तरी ठाऊक आहे का? तो म्हणाला, आमच्या स्वयंपाकिणीला विचारून कळवतो. खरोखरच पत्ता लिहून घेतला तिचा. सगळा बाजार हसतोय.

विरुद्ध बाजूला मजूर पक्षाचे जोनास ग्रिमशॉ. रेल्वेतले. आवाज असा की इंजिन लाजावं. सगळे म्हणतात, यंदा डेव्हरिंग पडणार.

एवढ्यानं माझं समाधान नाही. नुसता पडला तर लोक म्हणतील, ग्रिमशॉनं पाडला. माझ्या हातून पडायला हवा.

२७ मार्च. वर्दिंग.

सापडलं! सापडलं!

ड्रुसिला आत्याकडं गेलो होतो. माझ्या वडिलांची बहीण. वय एक्याण्णव. वर्दिंगला एका खानावळवजा घरात राहते. समुद्र दिसावा म्हणून खोली घेतली, पण मध्ये इमारत उठली. आता खिडकीतून एका दुकानाची पाटी तेवढी दिसते. मी क्रीमचे बन नेले होते. तीन तिनं खाल्ले, चौथा उशीखाली ठेवला. पत्त्यांत मला सारखं हरवत होती. तिच्या बाहीत एक्का होता. पण मी कामासाठी आलो होतो, म्हणून बोललो नाही.

घुबडाचं सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं. (माझ्या.) म्हटलं, आत्या, थोरल्या पातीचं एखादं लांच्छन तुला ठाऊक असणार. काहीही चालेल.

आत्यानं बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, तुझी पणजी, तिसऱ्या लॉर्डची बायको, ती अ‍ॅराबेला, आयरिश सरदाराची मुलगी म्हणतात ना? कसली आली आयरिश आणि कसला सरदार. तिचं नाव बेट टिबल. मार्कबरीच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. हेरिंग विकायची. लॉर्ड घोड्यावरून पडला तो नेमका तिच्या टोपलीत, आणि तिनं त्याला अशा शिव्या दिल्या की तो लग्न करूनच उठला. वर्षभर आयर्लंडला पाठवून बोलायला शिकवलं तिला. तसबिरीत हात फरच्या हातपिशवीत खुपसून का बसली आहे? मिठानं सोलवटलेले हात, लाल भडक.

मी आत्याचा हात चुंबला. क्रीम लागलं ओठांना.

मासेवाली! थोरल्या पातीच्या नाकातून आता हा वास सात पिढ्या जाणार नाही.

२८ मार्च.

हेस्टरला सांगितलं. तिनं विणकाम खाली न ठेवता विचारलं, ती पणजी तुझीपण ना रे?

या अडचणीचा मी आगगाडीतच विचार केला होता. उत्तर सोपं आहे. आपल्याकडं सगळं थोरल्याला जातं. किताब थोरल्याला, वाडा थोरल्याला, जमीन थोरल्याला. मग मासेसुद्धा थोरल्यालाच. धाकट्याकडं काही येत नाही, हा तर कायदाच आहे.

हेस्टर म्हणाली, नाक तरी आलंय.

३१ मार्च.

ग्रिमशॉंना त्यांच्या कचेरीत भेटलो. दार लावून घेतलं. खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात सगळं सांगितलं. म्हटलं, हे हत्यार मी आपल्याला फुकट देतो.

त्यांनी पाइप बाजूला ठेवला. म्हणाले, "माझी आजी कोंबड्या सोलायची. तिच्यावरून कुणी भर सभेत थट्टा केली तर मी त्याचे दात पाडीन. आणि तुम्ही आपल्या सख्ख्या पणजीला बाजारात मांडायला निघालात?"

मी म्हटलं, हा राजकारणाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, दार तिकडं आहे.

चांगला माणूस, पण राजकीय डोकं नाही. हे लोक कधी सत्तेवर टिकणार नाहीत.

स्वतःच करायचं. हेच बरं. सुडात भागीदार नको.

१३ एप्रिल.

उद्या धान्यबाजाराच्या हॉलमध्ये पेरेग्रिनची शेवटची मोठी सभा. भाषण तयार आहे. आरशासमोर म्हटलं. सुरुवात लॅटिन वचनानं. मग सर ओडोपासून पायरी पायरीनं खाली, आणि "हेरिंग" हा शब्द अगदी शेवटी, आवाज खाली आणून. हेरिंगनंतर मी मागं बघणार नाही. सरळ बाहेर पडणार. टोपी आधीच हातात हवी.

हेस्टर येणार नाही म्हणाली. तिला बघवणार नाही. एव्हरार्डची कीव येते असं मी समजतो.

१४ एप्रिल.

लिहायला सुचत नाही. क्रमानं लिहितो.

हॉल गच्च भरला होता. बाजारातले लोक मागं उभे. व्यासपीठावर एव्हरार्ड, लेडी सिबिला, पाद्री. पेरेग्रिन शेतीवर बोलत होता. जवाला गहू म्हणाला. मागून कुणीतरी कोंबड्यासारखं आरवलं. पोराच्या कपाळावर घाम. प्रश्न विचारा म्हणाल्याबरोबर मी उठलो.

लॅटिन वचन पहिल्या तीन शब्दांत बुडालं. लोक ओरडले, मास्तर, आमच्या भाषेत. सर ओडोपर्यंत पोचलो तर ओरडले, खाली बसा. घाई झाली. मधल्या सगळ्या पिढ्या गाळाव्या लागल्या. मी बोट दाखवून एकदम म्हणालो, "या उमेदवाराची खापरपणजी याच बाजारात टोपली घेऊन हेरिंग विकायची. तिचं नाव बेट टिबल."

लेडी सिबिलांच्या हातातला पंखा पडला. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या क्षणी बाहेर पडायला हवं होतं. टोपी सापडेना.

पेरेग्रिन व्यासपीठाच्या कडेपर्यंत पुढं आला. मग त्यानं विचारलं, "खरंच? इथं? याच बाजारात?" तोंडात बटाटा नव्हता. पहिल्यांदाच साधं बोलला.

मी म्हटलं, याच बाजारात, आणि ही शरमेची गोष्ट आहे.

तो म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटायचं आमच्यात कुणी कधी काही काम केलंच नाही."

मागून एक बाई उठली. मर्सी टिबल. पंचाहत्तरीची, कोपऱ्यावर मासळीचं दुकान आहे तिचं. तिचे बाहू माझ्या मांडीएवढे. तिनं विचारलं, कोण म्हणालास? टिबल? माझं सासर टिबल. आमची एक पोरगी घोडेवाल्याबरोबर पळून गेली असं सासू नेहमी सांगायची. मग हॉलच्या मधून चालत वर गेली, पेरेग्रिनची हनुवटी, म्हणजे जिथं हनुवटी हवी ती जागा, चिमटीत धरली, तोंड उजेडाकडं फिरवलं आणि जाहीर केलं, "आमचाच आहे गं. माशासारखं तोंड आहे बघ."

हॉल दणाणला. टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "हेरिंगवाला डेव्हरिंग!" मग सगळेच ओरडायला लागले. पोराला खांद्यावर उचलून बाजारातून फिरवलं.

माझी टोपी खुर्चीखाली होती. कुणीतरी तुडवली.

१५ एप्रिल.

शांतपणे विचार केला. हे क्षणिक आहे. वास हळूहळू पसरतो. गुरुवारी मतपेटीत कळेल.

१९ एप्रिल, गुरुवार.

मतदान. सगळ्या बाजारानं टोपीत हेरिंगचं शेपूट खोवलं होतं. मी ग्रिमशॉंना मत दिलं. दारात भेटले. मी कौतुकानं सांगितलं, माझं मत आपल्याला. ते म्हणाले, तुमचं एकच ना? मग नसतं दिलं तरी चाललं असतं. तुम्ही जे माझं केलंत ते शत्रूनंही केलं नसतं.

२० एप्रिल.

पेरेग्रिन निवडून आला. अ‍ॅन राणीपासून कुठल्याच डेव्हरिंगला इतकी मतं पडली नव्हती.

जेवलो नाही. (रात्री थोडं पुडिंग.)

२२ एप्रिल.

एव्हरार्ड स्वतः घरी आला. या घरात पहिल्यांदाच. हेस्टरच्या खुर्चीत, मांजरावर बसला.

मला वाटलं, भांडायला आलाय. उलटं उत्तर तयार होतं. तर माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "ऑब्री, इतका डोकेबाज माणूस घरात असून मी ओळखला नाही. माझे सगळे सल्लागार हात टेकून बसले होते. तू एका वाक्यात बाजार फिरवलास. आणि वर शत्रुत्वाचं सोंग! काय सोंग वठवलंस रे."

हेस्टर चहाचं निमित्त करून आत गेली. आतून खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

इथं सत्य सांगायचं होतं. सांगणारच होतो. पण त्यानं पोर्ट मद्याची बाटली काढली, त्याच्या आजोबांनी तळघरात ठेवलेली. शत्रूचा साठा कमी करणं हीही युद्धनीती आहे. घेतली.

जाताना मात्र त्याचा चेहरा पडला. म्हणाला, मुलगा जिंकला हे ठीक. पण आई त्या दिवसापासून अंथरुणावर आहे. पडदे उघडू देत नाही. म्हणते, साठ वर्षं मी टिबलांच्या घरात नांदले.

म्हणजे काहीतरी लागलं! बाण अगदीच वाया गेला नाही. आज गाढ झोप येईल.

६ मे.

नवा बेत. म्हातारी अंथरुणावर आहे, तिथंच घाव घालत राहायचं. बेट टिबलची साग्रसंगीत माहिती मिळवायची : बसायची कुठं, बोलायची कसं, शिव्या कोणत्या. शक्य तर शिव्यांसकट सगळं लेडी सिबिलांना वाचून दाखवायचं. उद्या वर्दिंग. बन सहा नेतो.

७ मे.

बन परत आणायला हवे होते.

आत्याला विचारलं, बेट टिबलचं आणखी सांग. ती म्हणाली, कोण बेट?

मी सगळ्याची आठवण करून दिली. घोडा, टोपली, आयर्लंड. आत्याची ऐकता ऐकता हसून मुरकुंडी वळली. म्हणाली, छान आहे गोष्ट. मीच सांगितली का?

मग म्हणाली, "अरे, तू एवढ्या लांबून आलास, बन आणलेस, आणि रडायला लागलास. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? लहानपणीही तुला गोष्ट सांगितल्याशिवाय तू गप्प बसायचा नाहीस." पणजी खरोखरच आयरिश सरदाराची मुलगी. कंटाळवाणी होती. बद्धकोष्ठाशिवाय दुसरा विषय नव्हता तिला. मी विचारलं, मग तसबिरीतले लपवलेले हात? म्हणाली, त्या चित्रकाराला हात काढता येत नव्हते. सगळ्या बायका तशाच काढल्यात त्यानं. म्हटलं, आणि टिबल?

आत्यानं खिडकीकडं बोट केलं. समोरच्या दुकानाची पाटी. "टिबल आणि मुलगे, ताजी मासळी."

पत्ते खेळायला बसवलं तिनं. हरलो.

८ मे.

दिवसभर अंथरुणात. मग एकदम उठून बसलो.

मूर्खा ऑब्री, हाच तर सूड! पेरेग्रिन निवडून आला तो मासेवालीच्या नावावर. मासेवाली खोटी ठरली की तो लबाड ठरतो. सगळा बाजार चवताळून उठेल. राजीनामा द्यावा लागेल. आणि हे सगळं माझ्या एका वाक्यावर!

आधी एव्हरार्डला तोंडावर सांगणार. तोंड कसं पडतं ते जवळून बघायचं आहे.

हेस्टरनं विचारलं, लबाड तो का तू? सभेत उठून कोण बोललं होतं?

तिला तपशिलात अडकायची सवयच आहे.

१० मे.

ऑल्डमिअर कोर्ट. एव्हरार्ड गुलाबांना पाणी घालत होता. मी समोर उभा राहून म्हटलं, "तुमच्या घरात मासेवाली नव्हती. सगळं खोटं आहे. आत्यानं रचलं."

त्याच्या हातातली झारी सुटली. मग तोंडावर असा उजेड पसरला की मी मागं वळून पाहिलं, सूर्य आला की काय.

"नव्हती? नक्की?"

नक्की, म्हणालो.

तो झारी तिथंच टाकून धावत आत गेला. वरच्या मजल्यावरचे पडदे सर्रकन उघडल्याचं खालून ऐकू आलं. मग लेडी सिबिलांचा आवाज, खणखणीत. त्या जेवायला काय आहे ते विचारत होत्या.

एव्हरार्ड परत आला तेव्हा डोळे पुसत होता. म्हणाला, तुझे उपकार फेडता येणार नाहीत. निवडणूकही दिलीस आणि अब्रूही परत दिलीस. फक्त बाहेर बोलू नकोस. पुढच्या निवडणुकीपर्यंत तरी नको.

मी म्हटलं, बोलणार. चौकात बोलणार.

तो हसला. म्हणाला, तुझं ते सोंग पुन्हा सुरू झालं का? मग काहीतरी आठवल्यासारखं करून म्हणाला, बरं झालं आलास. ते टिबल लोक दर रविवारी इथं यायचं म्हणतात, नातलग म्हणून. आईला कसं चालणार? मी त्यांना सांगितलंय, त्या बाजूचे वडीलधारे म्हणजे आमचा ऑब्री. ते तुझ्याकडं येतील.

१२ मे.

ठीक आहे. उत्तमच. टिबलांनाच सांगायचं. त्यांच्याइतका संताप दुसऱ्या कुणाला येणार? मर्सी टिबलच्या बाहूंचा विचार करतोय. ती चालत ऑल्डमिअर कोर्टवर जाईल. मी मागून जाईन.

उद्या जेवण सुरू व्हायच्या आधी उभा राहून सांगणार. आरशासमोर म्हटलं. लॅटिन गाळलं.

१३ मे, रविवार.

आले. मोजणं सोडून दिलं. परसातसुद्धा बसले. हेस्टरनं शेजारच्या दोन घरांतून खुर्च्या आणल्या आणि इतकी खुशीत होती की मला तिची शंका आली. मासे त्यांनीच आणलेले, भाजलेले, मोठ्या परातीत. मर्सी टिबलनं मला टेबलाच्या मधोमध बसवलं. म्हणाली, तू थोरला, पहिला घास तुझा. माझ्या ताटात सगळ्यांत मोठं हेरिंग वाढलं आणि मी चाखल्याशिवाय कुणी हात लावेना. पोरंसोरंही हात मागं बांधून बघत बसली.

न खाऊन कसं चालेल? एक घास तोंडात टाकला आणि त्याच दमात बोलायला उभा राहिलो. "मंडळी," म्हटलं, "तुम्हाला एक सत्य सांगायचं आहे."

आणि काटा अडकला.

पुढचं नीट आठवत नाही. डोळ्यांतून धारा. आवाज फुटेना. कुणी पाठीत गुद्दे घातले, कुणी कोरडा पाव कोंबला. मर्सी टिबल सगळ्यांना म्हणत होती, बघा गं, बोलवत नाहीये त्याला, किती गहिवरलाय. मग तीही रडली. मग सगळेच. मी मानेनं नाही नाही म्हणत होतो, तर तिनं माझं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाली, "नाही कसं, बाळा? इतकी वर्षं एकटाच होतास ना?"

एप्रनला मिठाचा वास होता. डोकं काढून घ्यायला हवं होतं. काढलं, पण जरा वेळानं.

१४ मे.

डॉक्टरांनी काटा काढला. आठवडाभर बोलायचं नाही म्हणाले. हेस्टरनं विचारलं, महिनाभर नाही का करता येणार?

पाटीवर लिहून तिला दाखवलं : बोलता आलं की सगळं सांगणार. तिनं वाचलं, पुसलं, आणि सांगितलं की सकाळी मर्सी टिबल विचारपूस करायला येऊन गेली. पुढच्या रविवारी ती माझ्या ताटातले काटे स्वतः काढून देणार आहे.